वाचकांचे प्रश्न : फाइफ्स कंपनी आणि ब्रिटनची केळी

या महिन्याच्या टपालात फळांची आयात करणाऱ्या फाइफ्स या जुन्या कंपनीबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

फाइफ्स हे नाव स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यावरून आले का? कंपनी नेमकी कधी सुरू झाली?

परगण्याशी काही संबंध नाही. नाव माणसाचे आहे. एडवर्ड वॉथेन फाइफ हे लंडनचे चहाचे व्यापारी. क्षयातून उठलेल्या पत्नीला हवापालट म्हणून ते अटलांटिक महासागरातल्या, स्पेनच्या कॅनरी बेटांवर गेले आणि तिथे केळीच्या बागा त्यांच्या नजरेत भरल्या. 1888 मध्ये त्यांनी लंडनला केळ्यांचा पहिला व्यापारी माल मागवला. कंपनी आपला जन्म याच वर्षी धरते.

कागदोपत्री मात्र हे एवढे सरळ नाही. 1897 मध्ये फाइफ आणि हडसन बंधू यांचे धंदे एकत्र होऊन ‘फाइफ, हडसन’ कंपनी झाली आणि फाइफ स्वतः बाजूला झाले. 1901 च्या मे महिन्यात हीच कंपनी एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीच्या फळविभागाशी जोडली गेली आणि ‘एल्डर्स अँड फाइफ्स’ उभी राहिली. ज्यांचे नाव आज खोक्यावर दिसते, त्यांचा या धंद्याशी संबंध जेमतेम नऊ वर्षांचा.

कॅनरी बेटे जवळ होती. मग जमैकासारख्या लांबच्या बेटावरून माल आणण्याचा खटाटोप कशासाठी?

सुरुवात राजकारणातून झाली. बीटच्या साखरेपुढे जमैकाची उसाची साखर टिकेना, बेटाची अर्थव्यवस्था ढासळली. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड जोन्स यांना गळ घातली. करार दहा वर्षांचा ठरला. दर पंधरवड्याला एक टपालबोट, प्रत्येक खेपेला 20,000 घड उचलण्याची सोय, आणि बदल्यात वर्षाला 40,000 पौंडांचे अनुदान. 1901 मध्ये ‘पोर्ट मोरँट’ ही यंत्राने गार केलेल्या खणांची बोट ब्रिस्टलजवळच्या एव्हनमथ बंदरात केळी घेऊन आली.

खरी अडचण बंदरात माल उतरल्यावर सुरू होत असे. हजारो घड एकदम उतरतात, ते पिकवून चार-पाच दिवसांत विकले नाहीत तर मातीमोल. जहाज कंपनीकडे जहाजे होती, पण पिकवायच्या खोल्या आणि घाऊक विक्रीची साखळी नव्हती. ती फाइफ-हडसनकडे होती. 1901 ची जोडणी झाली ती या गरजेपोटी. कंपनीचा इतिहास लिहिणारे बहुधा बागा आणि जहाजे यांवरच भर देतात. आमच्या मते कंपनी तगली ती गावोगावच्या पिकवण्याच्या खोल्यांमुळे. बागा वादळात गेल्या, जहाजे युद्धात बुडाली, मालक बदलले, पण दुकानदारापर्यंत पिवळे केळे पोहोचवणारी साखळी तुटली नाही.

दोन आठवड्यांच्या प्रवासात केळी पिकत कशी नसत? त्या काळी काय तंत्र वापरत?

याची सुरुवात झाडावरच होते. लांबच्या प्रवासाचा घड पूर्ण भरू देत नाहीत. पाऊण भरला, म्हणजे फळाच्या कडा अजून टोकदार असल्या, की कापतात. पूर्ण भरलेला घड वजनाला जास्त भरतो आणि बागायतदाराला तोच द्यावासा वाटतो, पण तो वाटेतच पिवळा पडतो. बंदरावर घड नाकारले जाण्याचे हे एक नेहमीचे कारण.

कापल्यापासून जहाजात चढेपर्यंत एक दिवस, फार तर दीड. त्यानंतर खणातले तापमान उतरवायचे. जुन्या ग्रो मिशेल जातीला साधारण 12 अंश सेल्सियस चालत, आजच्या कॅव्हेंडिशला 13 ते 14 अंश लागतात. यात चूक होण्याचे दोन रस्ते आहेत. तापमान वर गेले तर फळ पिकू लागते, आणि पिकणारे फळ इथिलीन हा इतर फळांनाही पिकवणारा वायू सोडते. खणात हवा फिरती ठेवावी लागते, त्यामुळे एका पिकलेल्या घडाचा वायू शेकडो घडांना पोहोचतो. म्हणून चढवतानाच पिवळसर घड वेगळे काढत. दुसरीकडे तापमान 12 अंशांखाली घसरले तर कॅव्हेंडिशच्या सालीला थंडी बाधते. जहाजात हे दिसत नाही. फळ हिरवेच असते, फक्त साल सोलली तर आतल्या बाजूला तपकिरी रेषा दिसतात. पिकवल्यावर मात्र खरा पिवळा रंग येत नाही, साल धुरकट राखाडी राहते. मग जहाजवाला आणि पिकवणारा एकमेकांकडे बोट दाखवतात. निवाडा करायला त्या तपकिरी रेषाच उपयोगी पडतात: माल उतरताना हिरव्या फळात त्या असल्या तर दोष पिकवणाऱ्याचा नाही.

कॅनरीचा प्रवास आठवड्याच्या आतबाहेरचा, त्यामुळे तिथून गार खणांशिवायही माल येऊ शकत होता. तिथली जात बुटकी कॅव्हेंडिश, म्हणजे आपली बसराई. साल नाजूक असल्याने एकेक घड गवतात गुंडाळून फळ्यांच्या पेटाऱ्यात भरत. जमैकाचा ग्रो मिशेल जाड सालीचा आणि घट्ट बांध्याचा, तो उघडाच एकावर एक रचून येई.

जमैकाच्या जुन्या हिशेबांत ‘पाऊण घड’, ‘अर्धा घड’ असे लिहिलेले आढळते. घड कापून विकत होते का?

नाही, घड अखंडच असे. ही मोजणीची रीत होती. नऊ किंवा जास्त फण्यांचा घड म्हणजे एक पूर्ण घड. आठ फण्या म्हणजे पाऊण, सात म्हणजे अर्धा, सहा म्हणजे पाव. धक्क्यावर टॅलीवाला प्रत्येक हमालाच्या डोक्यावरच्या घडाच्या फण्या मोजून ओरडून सांगे आणि त्याप्रमाणे नोंद होई.

हिशेब करून पाहा. सहा फण्यांच्या घडात नऊ फण्यांच्या घडाच्या दोन तृतीयांश फण्या असतात, पण पैसे चौथाईच. लहान बागायतदाराचे घड लहान, म्हणजे ही मोजणी त्यालाच मारक. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या उत्पादकांनी आपला सहकारी संघ काढला आणि स्वतःच्या जहाजांनी माल पाठवायला सुरुवात केली, त्यामागे भावाबद्दलची अशीच साठलेली नाराजी होती. संघ सहकारी स्वरूपात दहा वर्षेही टिकला नाही. मोठ्या कंपन्यांशी समझोता करून 1930 च्या दशकात तो साध्या कंपनीत बदलला.

फाइफ्स ब्रिटिश कंपनी होती, असे एका ठिकाणी वाचले. दुसरीकडे ती युनायटेड फ्रूट या केळीच्या व्यापारातल्या बड्या अमेरिकी कंपनीची होती असे लिहिले आहे. खरे काय?

दोन्ही खरे. नोंदणी, कचेरी, जहाजांवरचा झेंडा ब्रिटिश, मालकी अमेरिकी. 1902 मध्ये युनायटेड फ्रूटने 45 टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत बाकीचाही.

हिस्सा देण्यामागे नुसती पैशाची निकड नव्हती. एकाच बेटावर अवलंबून असलेला केळीचा आयातदार वादळाच्या दयेवर असतो. केळीचे खोड खरे तर पानांच्या देठांची गुंडाळी, ते जोराच्या वाऱ्यात आडवे होते, आणि नव्या मुनव्यापासून (बुंध्याशी फुटलेल्या कोंबापासून) घड मिळायला वर्षभर थांबावे लागते. 1903 च्या ऑगस्टमध्ये जमैकाच्या बागा चक्रीवादळात झोपल्या. त्या वेळी कोस्टा रिकात बागा असलेला भागीदार हाताशी होता, म्हणून जहाजे रिकामी राहिली नाहीत. याची किंमत अशी की साम्राज्याच्या पैशाने जमैकाला अमेरिकी, म्हणजे युनायटेड फ्रूटच्याच, मक्तेदारीतून सोडवायला काढलेली वाट थोड्याच वर्षांत त्याच मक्तेदारीला जाऊन मिळाली.

इतिहासाच्या पुस्तकांत क्वचित येणारी आणखी एक नोंद. 1936 मध्ये स्पेनचे यादवी युद्ध पेटल्यावर कॅनरीपैकी तेनेरिफ बेटावरच्या सांताक्रूझ शहरातली फाइफ्सची केळीची गोदामे बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूच्या लष्कराने तुरुंग म्हणून वापरली. त्या बेटावर ‘फाइफ्स’ म्हटले की जुन्या माणसांना फळ नव्हे, तुरुंग आठवतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केळी बंद केली पण संत्री चालू ठेवली, हा दुजाभाव का?

जहाजातली जागा. नोव्हेंबर 1940 मध्ये ताज्या फळांची आयात थांबवली तेव्हा क जीवनसत्त्वासाठी संत्र्यांना सूट मिळाली. केळ्यात ते फार नाही. शिवाय घडाचा दांडा आणि फण्यांमधली पोकळी धरून जागा फार जाते, खण ठरावीक तापमानावर राखावा लागतो आणि त्यात दुसरा माल ठेवता येत नाही. तेच गार खण मांसासाठी हवे होते.

पाच वर्षांनी, 30 डिसेंबर 1945 रोजी, फाइफ्सचे ‘तिलापा’ जहाज एव्हनमथला सुमारे एक कोटी केळी घेऊन लागले. हा माल शिधापत्रिकेवर मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी राखीव होता. युद्धात वाढलेल्या पुष्कळ मुलांनी केळे कधी पाहिलेलेच नव्हते.

घड जाऊन खोकी केव्हा आली?

1960 च्या आसपास, आणि कारण रोग. पनामा मर रोगाची बुरशी जमिनीत दशकानुदशके राहते. ग्रो मिशेल तिला बळी पडतो, कॅव्हेंडिश त्या काळच्या प्रकाराला दाद देत नव्हती. जात बदलली, पण नवी जात उघड्या घडाने पाठवली तर फळे खरचटून काळी पडू लागली. उपाय म्हणून फण्या बागेतच कापून, पाण्याच्या हौदात चीक धुऊन, कापलेल्या जागी बुरशीनाशक लावून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या खोक्यात भरायची पद्धत आली. आजचे प्रमाण खोके 18.14 किलोचे, म्हणजे 40 पौंडांचे. चीक नीट धुतला नाही तर सालीवर काळे डाग, आणि फणीचा माथा घाणेरड्या सुरीने कापला तर तिथून कूज.

म्हणजे 1888 ची पेटाऱ्यातली नाजूक कॅव्हेंडिश सत्तर वर्षांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून परतली. आता मर रोगाचा नवा प्रकार, टीआर 4, तिच्याही मागे लागला आहे; 2019 मध्ये तो कोलंबियात सापडला.

इथिलीन माहीत नव्हते तेव्हा केळी पिकवत कशी? आता कशी पिकवतात? त्या वायूचा स्फोट होण्याचा धोका नाही का?

पूर्वी बंद खोलीत घड टांगायचे, गॅसच्या शेगड्यांनी ऊब द्यायची, जमीन ओली ठेवायची. ऊब हेच कारण असा समज होता. जळणाच्या धुरातले इथिलीन हे खरे कारण असल्याचे 1924 च्या सुमारास अमेरिकेत लिंबांवरच्या प्रयोगांतून कळले आणि फळ स्वतःच तो वायू तयार करते हे 1934 मध्ये सिद्ध झाले.

आज माल आला की आधी गराचे तापमान घेतात. हवेचे घेऊन भागत नाही, कारण खोक्याच्या मधले फळ खोलीच्या हवेपेक्षा बरेच गरम किंवा गार असू शकते. गर 16 ते 18 अंशांवर आणायचा, आर्द्रता 90 ते 95 टक्के, इथिलीन दशलक्ष भागांत 100 ते 150 भाग, 24 तास. मग दारे उघडून हवा बदलायची. हे विसरले तर फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठतो, तो एक टक्क्यावर गेला की पिकणे अडखळते आणि एकाच खोलीत काही खोकी पिवळी, काही हिरवी निघतात. घाईने तापमान 20 अंशांच्या पुढे नेले तर गर मऊ पडतो आणि साल हिरवट राहते. चार ते सात दिवसांत रंग येतो.

स्फोटाचे म्हणाल तर हवेत इथिलीन 2.7 टक्क्यांवर गेले की धोका. 150 भाग म्हणजे 0.015 टक्के, जवळजवळ दोनशे पट कमी. मात्र सिलिंडरमधून अंदाजाने वायू सोडणे हा खेळ नव्हे. हल्ली त्यापेक्षा यंत्रातच थोडा थोडा वायू तयार करतात.

कंपनी आता कोणाची?

जपानच्या सुमितोमोची. 1986 मध्ये युनायटेड ब्रँड्सकडून (युनायटेड फ्रूटचे तेव्हाचे नाव) ती ‘फ्रूट इम्पोर्टर्स ऑफ आयर्लंड’ने विकत घेतली. आयर्लंडच्या या कंपनीमागचे मॅकॅन घराणे पूर्वी डंडॉकमध्ये फाइफ्सचीच केळी विकत असे. 2006 मध्ये इतर फळे-भाज्यांचा धंदा ‘टोटल प्रोड्यूस’ म्हणून वेगळा काढला. 2014 मध्ये चिकिटा या केळीच्या अमेरिकी कंपनीशी विलीनीकरण ठरले होते, पण ऑक्टोबरमध्ये चिकिटाच्या भागधारकांनी ते फेटाळले. 2017 मध्ये सुमितोमोने 75.1 कोटी युरोंना व्यवहार पुरा केला.

जुनी लेबले आणि पावत्या जमवतो. तारीख नसेल तर काळ कसा ओळखावा?

नावावरून. ‘फाइफ, हडसन’ असेल तर 1897 ते 1901. ‘एल्डर्स अँड फाइफ्स’ असेल तर 1901 ते 1969, आणि ‘फाइफ्स ग्रुप’ असेल तर त्यानंतरचे. फळावरचे निळे लेबल 1929 पासून, त्यामुळे निळे लेबल दाखवून पहिल्या महायुद्धाआधीचे म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. पावतीवर घड मोजलेले असतील तर ती बहुधा 1960 च्या दशकाआधीची. खोकी मोजलेली असतील तर नंतरची. कॅनरीच्या मालाबाबत हा नियम लावू नका. तिथून पेटारे पहिल्यापासूनच येत होते.