१,८०० डॉलरचा दंड: मागायचा किती आणि त्यासाठी खर्चायचं किती

फ्रीमाँटहून एका वाचक ताईंनी कळवलेली हकिगत थोडक्यात अशी. टेक्सासमधून कॅलिफोर्नियात आल्यावर वर्षभरात, म्हणजे फेब्रुवारी २०२३ अखेर, नवऱ्याची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर आरोग्य विमाही. मार्च ते ऑक्टोबर दोघं आणि दोन लहान मुलं विम्याशिवाय होती. त्यातच जूनमध्ये नाशिकला सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. ऑगस्टपर्यंत हॉस्पिटल आणि घरी देखभालीला ठेवलेल्या बाई मिळून सात लाखांच्या वर पाठवावे लागले. एप्रिल २०२४ मध्ये राज्याचा कर भरताना विमा नसल्याबद्दल १,८०० डॉलर दंड लागला, तो त्यांनी भरला. आता कुणीतरी ‘हार्डशिप’ची, म्हणजे अडचणीच्या काळासाठीची, सवलत असते म्हणून सांगितलं आहे. एक कर सल्लागार सगळं काम करून द्यायचे ४५० डॉलर आगाऊ मागतोय. द्यावेत का?

ताई, आगाऊ देऊ नका. सवलत मात्र जरूर मागा.

आधी दंड आला कुठून ते बघू, कारण टेक्सासहून येणारे इथे हमखास फसतात. केंद्र सरकारचा दंड २०१९ पासून शून्य झाला. टेक्सासने स्वतःचा लावलाच नाही, कॅलिफोर्नियाने २०२० पासून लावला. २०२३ साठी प्रौढामागे वर्षाला किमान ९०० डॉलर आणि मुलामागे ४५०, किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाचे अडीच टक्के, यातलं जे जास्त ते. तुमच्या चौघांचे वर्षाचे २,७०० होतात, म्हणजे महिन्याला २२५. आठ महिन्यांचे १,८००. हिशेब बरोबर आहे, तिथे भांडायला जागा नाही.

तीन महिन्यांपर्यंतच्या खंडाला माफी असते, पण तुमचा खंड आठ महिन्यांचा, त्यामुळे ती वाट बंद. नुसती नोकरी गेली हे कारणही एकटं फार लंगडं पडतं. तुमचं खरं बळ सासूबाईंच्या आजारपणात आहे. घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसाच्या देखभालीमुळे अचानक वाढलेला खर्च हे हार्डशिपचं मान्य कारण आहे. मात्र अशी सूट साधारणपणे अडचणीचे महिने, त्याआधीचा एक आणि नंतरचा एक एवढ्यापुरतीच मिळते. तुमची अडचण जून ते ऑगस्ट, म्हणजे सूट मे ते सप्टेंबर. पाच महिने, १,१२५ डॉलर. मार्च, एप्रिल आणि ऑक्टोबरचे ६७५ परत येतील असं धरून चालू नका.

१,१२५ मधून ४५० गेले तर उरतात ६७५. अर्ज नामंजूर झाला तर ते ४५० खिशातूनच गेले. आणि गंमत म्हणजे ज्या कामाचे तो पैसे मागतोय त्यातला अवघड भाग फुकट आहे. सवलतीचा अर्ज ‘कव्हर्ड कॅलिफोर्निया’कडे, म्हणजे राज्याच्या आरोग्य विमा बाजाराकडे जातो, त्याला फी नाही. फोन करून २०२३ सालासाठीचा अर्ज मागा आणि चौघांची नावं त्यात घाला. मंजूर झाला की एक प्रमाणपत्र क्रमांक मिळतो. तो ३८५३ क्रमांकाच्या फॉर्मवर लिहायचा आणि ५४० या राज्याच्या विवरणपत्राबरोबर ‘शेड्युल एक्स’ हा बदलाचं कारण सांगणारा कागद जोडून दुरुस्त विवरणपत्र पाठवायचं. हे जमणार नसेल तर क्रमांक हातात आल्यावर सल्लागाराकडे जा आणि फक्त दुरुस्तीचा दर विचारा. दुरुस्त विवरणपत्राची घाई नाही. तुम्ही मुदतीत भरलं होतं, तेव्हापासून चार वर्षं, म्हणजे एप्रिल २०२८ पर्यंत परतावा मागता येतो. अर्ज मात्र याच महिन्यात करा, जुनी बिलं दिवसेंदिवस हरवत जातात.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, आजारपण मार्चपासून दाखवलं तर? नाही. अर्जावर खोटं लिहिल्यास शिक्षा मान्य अशी सही असते, आणि तुम्ही नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी करताय. चारशे-पाचशे डॉलरसाठी एवढी जोखीम मी माझ्या बहिणीलाही घेऊ देणार नाही. खरी माहिती देऊन विवरणपत्र दुरुस्त केलं म्हणून नागरिकत्वाला बाधा येते, ही भीती मात्र सोडून द्या.

राहता राहिले पुरावे. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि बिल इंग्रजीत असेल, बँकेतून पाठवलेल्या पैशांचं स्टेटमेंट डाउनलोड होईल. अडेल ते घरी ठेवलेल्या बाईंच्या पगाराशी, कारण तो रोख दिलेला असणार. नाशिकच्या नणंदबाईंना सांगा, त्या बाईंकडून महिनावार रक्कम, तारीख आणि सही असलेला कागद करून घ्या, खाली मोबाइल नंबर असू द्या. मराठीत असला तरी चालेल, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. आणि तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून नको, नीट स्कॅन करून मागवा. सावली पडलेला फोटो पाहून कुणीही पुन्हा कागद मागेल, आणि त्यात आणखी महिना जाईल.