मंडळाची बस फाट्यावरून गेली

"मॅडम, मला मंडळात घेत नाहीत."

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. हे वाक्य दरवर्षी चार-पाच जणांकडून तरी ऐकते. कुणी म्हणतं 'घेत नाहीत', कुणी 'जाऊ की नको', तर कुणी 'गेलो तर अभ्यास बुडेल का?' जीवशास्त्राच्या प्रत्येक विभागाचं आपापलं मंडळ असतं. कागदावर ते मंडळ, मुलांच्या तोंडी असोसिएशन. जुलै-ऑगस्टमध्ये उद्घाटन, मग भित्तिपत्रक, सप्टेंबरात फुलपाखरं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन आणि मध्ये एक सहल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत सगळे एकमेकांचे जिवलग आहेत.

अश्विनी (नाव बदललंय, आणि हे लिहायला तिची परवानगी आहे) एस. वाय.ला होती, विषय प्राणिशास्त्र. जानेवारीत आली. आदल्या रविवारी मंडळाची सहल दाजीपूरला गेली होती, गव्यांच्या अभयारण्यात. दाजीपूरला जायचं तर राधानगरी रस्ता, आणि राधानगरी रस्त्यावरच तिचं गाव. सकाळी ती दूध संस्थेत दूध घालून फाट्यावर आली, तर समोरून विभागाचा बॅनर लावलेली बस. "मी ट्रॉलीमागं लपलो," ती म्हणाली. (आमच्याकडं मुलीही 'मी जातो, मी आलो'च म्हणतात.) गळीत हंगाम होता, उसाची ट्रॉली उभीच होती. लपायला बरी जागा.

"का लपलीस?"

"त्यांनी बघितलं असतं तर वाटलं असतं, मी बघायला उभारलोय."

यावर मी काय करावं? पुस्तकी सल्ला दिला. मंडळाच्या खोलीत जा, स्वतःची ओळख करून दे, काम करायचंय म्हणून सांग. आपण उगाच मनात धरून बसतो, समोरच्याला माहीतही नसतं वगैरे वगैरे. ती गेली. खोलीत थर्माकोलची अक्षरं कापणं चाललं होतं, उद्या पाहुणे येणार होते. दाराशी ती पाच मिनिटं उभी राहिली. मग एकानं मान वर न करता सांगितलं, नाव आणि नंबर लिहून जा, ग्रुपवर घेतो. तिनं लिहिलं. आठ दिवस झाले तरी कुणी घेतलं नाही.

परत आली तेव्हा ती रडली नाही, फक्त म्हणाली, "बघा, मी सांगितलंच होतं." चूक माझी होती. तिला अडचण कुठं आहे हे न बघताच मी तिला धीट व्हायला सांगितलं होतं. 'घेत नाहीत' ऐकलं की आम्ही समुपदेशक लगेच स्वभावात शिरतो: बुजरेपणा, न्यूनगंड, घरचं वातावरण. ते सोपं पडतं.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कोरा कागद घेतला आणि तिचा दिवस लिहून काढला. पहाटे साडेपाचला उठणं, गोठा, दूध. सात दहाची एसटी. साडेआठला कॉलेज. प्रॅक्टिकल तीनपर्यंत. रंकाळा स्टँडवरून दहा मिनिटं कमी चारची गाडी. ती चुकली की पुढची पावणेसहाला, आणि हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या असल्या की घरी पोचायला अंधार. शेजारी दुसरी यादी काढली, मंडळाच्या वर्षभरातल्या कार्यक्रमांची. बैठका चारला. पक्षी निरीक्षण सकाळी साडेसहाला. सहलीला पहाटे साडेपाचला कॉलेजच्या फाटकाशी जमायचं. नऊ कार्यक्रमांपैकी तिला जमण्यासारखे होते दोन, आणि त्या दोन्हींना ती गेलेली होती! बसली मागच्या बाकावर, ते वेगळं.

तिनं त्या दोन याद्यांकडं बराच वेळ बघितलं. "म्हणजे हे एसटीचं हाय," ती म्हणाली.

सगळंच एसटीचं नव्हतं. पण बरंचसं होतं. मंडळ चालवणारी मुलं बहुतेक शहरातली किंवा वसतिगृहातली. बस हिच्या फाट्यावरून जाणार हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं, आणि 'मी फाट्यावर चढू का?' असं विचारता येतं हे हिला सुचलं नव्हतं. दोन्हीकडं वाईट कुणीच नाही, तरी मुलगी ट्रॉलीमागं.

आता प्रश्न बदलला: मंडळात कसं शिरायचं हा नाही, तर साडेआठ ते साडेतीनमध्ये बसणारं काम कोणतं, हा. फेब्रुवारी तोंडावर होता. फेब्रुवारीत चार दिवस, शुक्रवार ते सोमवार, जगभर पक्षी मोजतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' हा उपक्रम 1998 पासून चालू आहे, भारतात 2013 पासून. कॉलेजं आणि विद्यापीठांसाठी त्यातच 'कॅम्पस बर्ड काउंट' असतो. नियम सोपे आहेत. एका जागी थांबून किंवा चालत निदान पंधरा मिनिटं बघायचं, दिसलेले आणि आवाजावरून ओळखलेले सगळे पक्षी मोजायचे आणि यादी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. हवं तर पाच-सहा वेळा मोजा, दुपारी मोजा, आवारातल्या लिंबाखाली डबा खाता खाता मोजा. मंडळानं मात्र शनिवारी सकाळी साडेसहाची एकच फेरी ठरवली होती, कारण दरवर्षी तसंच करतात.

मी तिला म्हटलं, या वेळी खोलीत जाऊ नकोस. विभागात मंडळाचे जे प्रभारी सर आहेत त्यांना मधल्या सुट्टीत गाठ आणि एवढंच विचार: शुक्रवारी आणि सोमवारी दुपारी साडेबाराची फेरी मी घेऊ का? 'मला मंडळात घ्या' याला उत्तर देणं अवघड असतं, लोक 'बघू' म्हणतात. 'साडेबाराला घेऊ का?' याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

सर हसले. "दुपारी कुठले पक्षी?" पण हो म्हणाले.

तिनं फलकावर हातानं कागद लावला. शुक्रवारी तिघं आले. एक कागलचा, एक पन्हाळ्याच्या बाजूची, एक शिरोळचा. तिघंही एसटीवाले, आणि तिघंही ग्रुपवर नव्हते. तांबट उन्हात टुक-टुक करत होता, साळुंक्या, वेडे राघू, शिंपी, कावळे. आणि घारी. सकाळच्या यादीत घार एकच होती, दुपारी सतरा भरल्या. ऊन तापल्यावर जमिनीजवळची हवा वर चढते आणि घारी त्या हवेवर पंख न हलवता घिरट्या घालतात. सकाळी गारठ्यात त्या बसून असतात. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण मंडळाच्या अहवालात असा तक्ता पहिल्यांदाच आला. सकाळची आणि दुपारची यादी शेजारी-शेजारी.

तरी इथं सगळं छान झालं म्हणून मी थांबत नाही, कारण पुढचा त्रास वेगळा असतो. काम करणारी एक मुलगी सापडली की सगळी कामं तिच्याकडं येतात, आणि ठरावीक कामं. मुलींना रांगोळी, स्वागतगीत, सूत्रसंचालन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ. मुलांकडं प्रोजेक्टर, गाडी, हिशोब. जीवशास्त्राच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त दिसतात, तरी हे असंच. विज्ञान दिनाला अश्विनीला रांगोळी सांगितली गेली. तिला रांगोळी येत नाही, आवडतही नाही. "नाही कसं म्हणू? आत्ताच तर घेतलंय." आम्ही खोलीत त्याची तालीम केली, खरंच, तीन वेळा. शेवटी ती म्हणाली, "रांगोळी नको, त्या दिवशीची हजेरी आणि अहवाल माझ्याकडं द्या." अहवाल कुणालाच नको असतो. फोटो, सह्या, तारखा, सगळं जमवून नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, फायलीला लावायचं असतं. पण जो अहवाल लिहितो त्याला मंडळात काय चाललंय ते सगळं कळतं.

पैशाचंही आधीच विचारावं. बॅनर छापायचा तर आधी मुलंच खिशातून घालतात, बिल मंजूर व्हायला महिने जातात. घरून मोजके पैसे आणणाऱ्या मुलानं 'मी नंतर देतो' म्हणण्यात कमीपणा मानू नये आणि उसनवारीही करू नये. प्रभारी शिक्षकांना आधी उचल मागता येते. विचारावं.

मग घर. एके दिवशी अश्विनीनं सांगितलं, आप्पा विचारतायत, पोरगी कुठल्या संघटनेत गेली? महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात कॉलेजच्या थेट निवडणुका बंद झाल्या. त्याआधीची पॅनेलं, मारामाऱ्या, गाड्यांवरचे भोंगे हे आज पन्नाशीतल्या बापांच्या डोक्यात ताजं आहे. 'असोसिएशन' म्हटलं की त्यांना तेच आठवतं. त्यांना हसू नये. मी निरोप दिला, कोल्हापुरात काम असेल तेव्हा या. आले, टोपी हातात घेऊन बसले, आणि पहिलाच प्रश्न, "ह्यात झेंडा कुठला?"

मी मंडळाची नोटीस दाखवली, खाली विभागप्रमुखांची सही, पन्नास रुपये वर्गणीची पावती. घारींचा तक्ता दाखवला. त्यांनी तो नीट वाचला. "म्हणजे आमच्या भजनी मंडळागत," ते म्हणाले. मी म्हटलं, अगदी तसंच. टाळ सोडून.

अभ्यासाचं विचाराल तर माझा अनुभव असा, की मंडळानं वर्ष बुडत नाही, कार्यक्रमाच्या आधीचा आठवडा बुडतो. म्हणून कामाला हो म्हणण्याआधी ते कोणत्या तारखेला संपणार हे विचारून घ्यावं, आणि ती तारीख अंतर्गत परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लिहावी. टी. वाय.ला सरांनी अश्विनीला सचिव व्हायला सांगितलं. तिला एम. एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा द्यायची होती. ती परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन पक्षिगणना आणि विज्ञान दिनाच्या तोंडावर. तिनं नाही म्हणून सांगितलं आणि डिसेंबरपर्यंतच्या दुपारच्या कार्यक्रमांचं काम घेतलं. शिरोळचा मुलगा सचिव झाला. मला विचारायला ती आली नव्हती, मला हे नंतर कळलं. मी खूश झाले, थोडं वाईटही वाटलं, लपवत नाही.

त्या डिसेंबरात दाजीपूरच्या सहलीच्या नोटिशीवर पहिल्यांदा तीन थांबे छापले होते: कॉलेजचं फाटक, रंकाळा स्टँड आणि तिचा फाटा. बस फाट्यावर पोचायला पाऊण तास उशीर, कारण पुढं उसाच्या ट्रॉल्या. तोवर तिची आई तिच्याबरोबर थंडीत उभी. बस थांबल्यावर आईच आधी पायरीवर चढली, आतल्या मुली मोजल्या, ड्रायव्हरला परत किती वाजता येणार ते दोनदा विचारलं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढच्या सीटवरच्या मॅडमच्या हातात दिला आणि मग उतरली.

"मला सीटखाली शिरावं वाटलं," अश्विनी म्हणाली.

"आणि गवा दिसला का?"

"कुठला गवा, मॅडम. नुसतं शेण. पण लई ताजं होतं."