एकटीच्या पहिल्या परदेशवारीआधी

पहिल्यांदाच एकटी निघते आहेस, तर तिकीट काढतानाच एक बघ: विमान तिथे दिवसाउजेडी उतरायला हवं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. अनोळखी शहरात मध्यरात्री सामान घेऊन पत्ता शोधणं मी एकदा केलंय, पुन्हा कधीच करणार नाही. पहिल्या दोन रात्रींची खोली आधीच ठरव, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेव.

हॉटेलात खोलीचा क्रमांक कुणी मोठ्याने उच्चारला तर सरळ दुसरी खोली माग. संकोच करू नकोस. दाराखाली सरकवायची रबरी पाचर सोबत ने. वजन नगण्य, पण झोप शांत लागते.

मदतीचा क्रमांक पाठच कर. युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. जपानमध्ये मात्र पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला ११९. पासपोर्टची प्रत वेगळ्या बॅगेत, भारतीय दूतावासाचा फोन कागदावर.

आणि कुणी फार आपुलकीने ‘एकटीच आलीस का?’ विचारलं, तर ‘मैत्रीण येतेच आहे’ म्हण. तिथे खरं बोलायचं बंधन तुझ्यावर नाही. मन कचरलं की लगेच निघ, कारण शोधत बसू नकोस.