बीच रोडवर एवढं मोठं विमान आलं कसं?

प्रश्न: आम्ही मध्यंतरी विशाखापट्टणमला फिरायला गेलो होतो. तिथे बीच रोडला चार पंख्यांचं एक अवाढव्य विमान उभं आहे, म्युझियम म्हणून. आजूबाजूला सगळ्या बिल्डिंगी, रनवे कुठेच नाही. मग ते तिथे उडत आलं की ट्रकवर? मुलगा विचारून विचारून डोकं खातोय, आणि ते परत उडेल का हेही त्याला पाहिजे आहे.
– एक वाचक

उत्तर: मुलाला सांगा, दोन्ही! अर्धी वाट उडत, अर्धी रस्त्याने. आणि पंखे चार नाहीत हो, आठ आहेत. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं, एकेका इंजिनावर दोन-दोन पंखे एकामागे एक बसवलेत आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, कारण इंजिन आहे सुमारे १५,००० हॉर्सपॉवरचं, एवढी ताकद एका पंख्याला झेपत नाही.

हे टीयू-१४२, रशियन बनावटीचं. नौदलाने अशी आठ विमानं घेतली, १९८८ मध्ये ती आधी गोव्यात आली आणि १९९२ पासून तमिळनाडूत अरक्कोणमला, आयएनएस राजाली या तळावर. काम काय तर तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालून पाणबुड्या हुडकायच्या. पाण्यात सोनोबॉय टाकायचे, ते तरंगत खालचा आवाज ऐकतात आणि रेडिओवरून वर विमानाला कळवतात. पुढे याच कामासाठी पी-८आय ही नवी विमानं आली आणि २९ वर्षांच्या नोकरीनंतर २९ मार्च २०१७ ला यांना निरोप दिला.

त्यातलं एक विशाखापट्टणमने मागून घेतलं. एप्रिलमध्ये ते स्वतःच्या इंजिनांवर उडत आयएनएस डेगाला, म्हणजे विशाखापट्टणमच्या नौदल विमानतळावर उतरलं, म्हणजे तुम्ही फ्लाइटने गेला असाल तर उतरलात तोच रनवे. ते त्याचं शेवटचं उड्डाण. खरी कटकट इथून पुढे, कारण पंखांचा पसारा ५० मीटर आणि लांबीही त्याच्याहून थोडी जास्तच, गावातल्या कुठल्या रस्त्यावरून नेणार सांगा! म्हणून सगळं सुटं केलं, ट्रेलरवर चढवून बीच रोडला आणलं आणि तिथे परत जोडलं, शेजारी प्रदर्शनाचा हॉल बांधला. तिथल्या नगरविकास प्राधिकरणाने, म्हणजे वुडाने, हे सगळं मार्गी लावलं. ७ डिसेंबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणजे विमान उतरल्यापासून आठ महिन्यांत. आपल्याकडे एवढ्या वेळात साधी टेंडरची फाइल हलत नाही.

आता गंमत बघा. रस्त्याच्या पलीकडे वाळूवर जी पाणबुडी आहे ना, आयएनएस कुरसुरा, तीही रशियन बनावटीचीच, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ मध्ये तिचं म्युझियम झालं. म्हणजे आयुष्यभर पाणबुड्या शोधत फिरलेलं विमान आता रोज समोर पाणबुडी बघत बसलंय. कोविंदांनीही ७ तारखेला हे विमान लोकांना खुलं केलं आणि दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणमलाच नौदलाच्या पाणबुडी दलाला राष्ट्रपतींचं निशाण, म्हणजे लष्करी दलांना मिळणारा मोठा मान दिला. ठरवून केलं का योगायोग, पण जमलं खरं.

घाईत नुसतं विमान बघून बाहेर पडला असाल तर हॉल राहिला तुमचा. सुटा पंखा, इंजिन आणि ते सोनोबॉय तिथे जवळून बघता येतात आणि मला विचाराल तर पोरांना विमानाच्या पोटात शिरण्याइतकीच मजा तिथेही येते.

परत उडण्याचं म्हणाल तर नाही. सुटं करून जोडलंय ते उभं ठेवण्यापुरतं, उडवण्यासाठी नाही. आता त्याला सांभाळायचं ते खाऱ्या वाऱ्यापासून, समुद्र एवढा जवळ असला की गंज लवकर धरतो.