बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड: सुरुवातीला एवढेच पाहावे

आपला प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यातील अंतर दीड-दोन मीटर असेल आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येत नसेल, तर साध्या आरसीए केबलवर (मधोमध एक पिन आणि भोवती कडे असलेल्या प्लगची, म्हणजेच अनबॅलन्स्ड ऑडिओ केबल) निर्धास्त राहावे. बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांतून परस्परविरुद्ध ध्रुवतेने (एकीत सरळ, दुसरीत उलटा) जातो आणि पुढचे उपकरण त्या दोहोंतील फरक तेवढा घेते, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला गोंगाट वजा होतो; हा लाभ लांब अंतरावर खरा जाणवतो.

सुरुवातीच्या चुका बहुतेकांच्या त्याच असतात:

- आरसीएच्या टोकाला एक्सएलआर (बॅलन्स्ड जोडणीसाठी वापरला जाणारा तीन पिनांचा प्लग) अ‍ॅडॅप्टर लावल्याने जोडणी बॅलन्स्ड होत नाही. दोन्ही उपकरणांतील सर्किटच तसे असावे लागते.
- बॅलन्स्ड आउटपुटचे व्होल्टेज बहुधा दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने अधिक असते. मोठा आवाज कानाला सरस वाटतो, म्हणून तुलना करण्याआधी आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगतो: अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्याशिवाय आरसीए प्लग काढू वा लावू नये. त्याची मधली पिन बाहेरच्या कड्याआधी टेकते आणि त्या क्षणीचा दणका स्पीकरला इजा करू शकतो.