आधी नीट झोप घे

कामाने पार थकून नोकरी सोडावीशी वाटतेय ना तुला? राजीनाम्याचा विचार तूर्तास बाजूला ठेव. इतकं थकलेलं असताना तो निर्णय घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने गळून जाण्याची, तीन लक्षणं नोंदवली: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल तुटकपणा येणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. म्हणजे हा आळस नव्हे, एवढं मनाशी पक्कं कर.

सुट्टी घेतलीस की ऑफिसचा मेल फोनवरून काढूनच टाक. नुसतं नोटिफिकेशन बंद करून भागत नाही, हात आपसूक तिकडे जातो. सुरुवातीला दिवसभर झोपावंसं वाटेल, खुशाल झोप. पण माणसं तोडू नकोस. गप्पा झेपणार नाहीत, कबूल, जवळच्या एकालाच सांग, "बोलायला नको, नुसतं सोबत चालूया." आणि जगणंच नकोसं वाटू लागलं, तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना गाठ.