निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीने गरीब देशाचा फायदा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बांगलादेशाने म्यानमारमधून हाकललेल्या रोहिंग्यांना ठेवून घेतले, त्यांच्या नावाने जगभरातून कोट्यवधी डॉलर येतात, म्हणजे त्या देशाचा यात फायदाच असणार, मग तो सतत तक्रार का करतो? या लोकांच्या छावण्या बांगलादेशातल्या ज्या कॉक्स बाझार जिल्ह्यात आहेत, तिथे मी काही काळ एका मदतसंस्थेच्या खरेदी-पुरवठा विभागात काम केले आहे, त्यामुळे उत्तर हिशेबाच्या अंगाने देतो.

हा पैसा बांगलादेश सरकारच्या तिजोरीत फारसा जातच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, स्वयंसेवी संस्था आणि सरकार मिळून एक संयुक्त आराखडा तयार करतात, त्यात वर्षभरासाठी लागणारी रक्कम मांडतात आणि तो देणगीदार देशांपुढे ठेवतात. २०२४ साठी ही मागणी सुमारे ८५ कोटी डॉलरची होती, २०२५ साठी सुमारे ९३ कोटींची. जे मिळते ते मुख्यतः जागतिक अन्न कार्यक्रम, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था), आयओएम (स्थलांतरविषयक संस्था), युनिसेफ अशा संस्थांकडे जाते आणि तिथून पुढे ठेकेदार, वाहतूकदार, लहान-मोठ्या संस्था यांच्यापर्यंत पोहोचते. देणे मात्र पूर्णपणे ऐच्छिक असते. कोणत्या देशाने किती द्यायचे याचे कसलेही बंधन नाही, आणि २०२४ च्या निधीपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा छावण्यांमध्ये जी घबराट उडाली, तिचे कारण एवढे साधे होते.

खरी अडचण रकमेपेक्षा तिच्या मुदतीत आहे, असे माझे मत आहे. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्करी कारवाईतून सात लाखांहून अधिक माणसे काही महिन्यांत सरहद्दीवरची नाफ नदी ओलांडून आली. आधीपासूनचे आणि नंतरचे धरून आज उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांतल्या छावण्यांमध्ये दहा लाखांहून अधिक लोक राहतात. ते लवकर परत जातील असे संबंधितांपैकी कोणीही मनापासून मानत नाही, पण पैसा मात्र पुढच्या वर्षी ते इथे नसतील अशा थाटात वर्षावर्षाने येतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बांबू. पक्के बांधकाम केले तर लोक कायमचे राहतील या भीतीने सरकार छावणीत विटा-सिमेंटच्या घरांना परवानगी देत नाही, त्यामुळे झोपड्या बांबू आणि ताडपत्रीच्या असतात. खांबांसाठी ‘बोराक’ नावाचा जाड बांबू आणि भिंतींच्या तट्ट्यांसाठी ‘मुली’ नावाचा बारीक बांबू वापरतात. कोवळा, प्रक्रिया न केलेला बांबू आला की त्यात भुंगा शिरतो. खांबाच्या बुडाशी पिवळसर भुकटी साचू लागली की तो आतून पोकळ झाला असे समजावे. जमिनीत गाडलेले टोक पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच कुजते, ताडपत्री उन्हाने तडकते, आणि पुढच्या पावसाच्या आत सगळे पुन्हा विकत घ्यावे लागते. नंतर बांबूवर रासायनिक प्रक्रिया करण्याची केंद्रे उभी राहिली, खांब जमिनीपासून वर राहावेत म्हणून खाली काँक्रीटची किंवा लोखंडाची बैठक देणे सुरू झाले, त्याने आयुष्य वाढले. तरीही तात्पुरते ते स्वस्त, हा समज खरेदीच्या वहीत टिकत नाही. २२ मार्च २०२१ च्या आगीत सुमारे ४५ हजार माणसे एका दिवसात बेघर झाली, त्यातही या ज्वालाग्राही सामानाचा आणि दाटीचा मोठा हात होता.

शिध्याचेही तसेच. प्रत्येक कुटुंबाकडे एक कार्ड असते, त्यावर दर महिन्याला माणशी ठरावीक रक्कम जमा होते आणि नेमून दिलेल्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल, कांदे, अंडी असे हवे ते घेता येते. ही पद्धत पूर्वीच्या सरसकट पिशवीवाटपापेक्षा कितीतरी चांगली आहे, कारण आजारी म्हातारीला काय लागते ते तिच्या सुनेला कळते, आमच्यासारख्या गोदामवाल्यांना नाही. पण २०२३ मध्ये निधी आटल्यावर ही रक्कम माणशी १२ डॉलरवरून मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आली. म्हणजे दिवसाला २७ सेंट. पुढे ती टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाली. मार्च २०२५ मध्ये ती ६ डॉलरवर आणण्याची सूचना निघाली आणि ऐनवेळी पैसे आल्याने ती मागे घेतली गेली. कपात होते तेव्हा लोक उधारी करतात, मुलींची लग्ने लवकर लावतात, समुद्रमार्गे मलेशियाला नेणाऱ्या दलालांच्या हाती लागतात. ‘हे लोक रेशनचा तांदूळ बाजारात विकतात’ असा एक आरोप हमखास ऐकू येतो. विकतात, हे खरे आहे. ज्याला रोख मजुरी मिळवायची उघड सोय नाही, त्याने औषध आणि मुलाची चप्पल कशातून आणायची?

इथे दोष फक्त देणगीदारांवर ढकलता येत नाही. बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि या लोकांना अधिकृतपणे निर्वासितही म्हटले जात नाही. छावणीबाहेर काम करायला मनाई आहे, भोवती काटेरी तारेचे कुंपण आहे, आत संस्थांकडे मानधनावर थोडीफार कामे मिळतात तेवढीच. धडधाकट माणसांचे हात बांधून ठेवल्यावर त्यांचे सगळे पोट मदतीवर पडणारच, आणि मग मदत कितीही आली तरी अपुरी. शिधा कमी ठेवला की लोक आपोआप परततील, हा विचार तर तिथे एकदा करून झालेला आहे. १९७८ मध्ये सुमारे दोन लाख रोहिंग्या आले तेव्हा धान्य पुरेसे असूनही वाटप तोकडे ठेवले गेले आणि दहा हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत मुलेच जास्त. यूएनएचसीआरचे तिथले तेव्हाचे प्रमुख ॲलन लिंडक्विस्ट यांनी हे आपल्या अहवालात स्पष्ट नोंदवले आहे.

तरीही ढाक्याची बाजू मला समजते. उखिया आणि टेकनाफ मिळून स्थानिक वस्ती साधारण पाच लाखांची. तिथे वर्षाच्या आत तिच्याहून मोठी लोकसंख्या येऊन बसली. मजुरीचे दर पडले, बाजारभाव चढले. मदतसंस्थांच्या कार्यालयांमुळे कॉक्स बाझार शहरातल्या घरमालकांची, हॉटेलवाल्यांची, इंग्रजी येणाऱ्या तरुणांची चांदी झाली, पण टेकनाफच्या रोजंदारीवाल्याला त्यातले काही मिळाले नाही. सरपणासाठी टेकड्या बोडक्या झाल्या; पुढे प्रत्येक झोपडीत गॅस सिलिंडर दिल्यावर हिरवळ परत येऊ लागली, आणि सगळ्या मदतकार्यात पैशाचे चीज झालेला खर्च कोणता असे विचारले तर मी हाच सांगेन. नाफ नदीत २०१७ पासून याबा या अमली गोळ्यांच्या तस्करीचे कारण देऊन मासेमारी बंद केली गेली आणि ती बंदी वर्षानुवर्षे चालली. त्या कोळ्यांचे बुडालेले उत्पन्न कोणत्याही आराखड्यात ‘बांगलादेशाचे योगदान’ म्हणून लिहिलेले नसते.

आपल्याकडचा अनुभव आठवून पाहा. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. बाहेरची मदत खर्चाच्या मानाने थोडीच होती, आणि नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ पर्यंत आपण टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावत होतो. कोणाच्या घरी त्या काळची पाकिटे असतील तर त्यांवर ते सापडेल. तो बोजा दीड-दोन वर्षांत उतरला, कारण युद्ध संपले आणि बहुतेक माणसे परत गेली. बांगलादेशाला ती सोय नाही. उलट २०२४ पासून म्यानमारच्या राखाइन या रोहिंग्यांच्या मूळ प्रांतातल्या लढाईमुळे आणखी दीड लाखाच्या आसपास लोक आले आहेत.

म्हणून ‘फायदा’ या शब्दाशी मी सहमत नाही. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४८ कोटी डॉलरपर्यंतचे अनुदान जाहीर केले होते; २०२४ मध्ये ७० कोटी जाहीर झाले, त्यात मात्र काही भाग कर्जाचा आहे. परक्या देशाने हाकललेल्या माणसांसाठी बांगलादेशी करदात्याने कर्ज फेडायचे, यावर तिथे बराच वाद झाला. रोहिंग्यांना कामाची मुभा द्या असे ढाक्याला सांगणारे देश आपल्या निधीची पाच-दहा वर्षांची हमी द्यायला तयार असतील, तर त्या बोलण्याला वजन येईल. तशी हमी आजवर कोणी दिलेली नाही.